दुधातुपाविना गोडधोड : फळ, धान्य आणि जयणा

अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्यासाठी हस्तिनापूर आणि पालिताणा येथे तपस्वींची रीघ लागते. वर्षभराच्या आराधनेची सांगता होते ती उसाच्या रसाने. आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांना एक वर्षाहून अधिक काळ निर्दोष आहार मिळाला नव्हता. अखेर हस्तिनापुरी श्रेयांसकुमारांनी त्यांना इक्षुरसाचे आहारदान दिले आणि या युगातील पहिले पारणे घडले, ही कथा आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्या कथेतील एक साधी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आपल्या परंपरेने जो पहिला गोड घोट मंगल मानला, त्यात दूध नव्हते, तूप नव्हते. होता तो केवळ वनस्पतीचा रस.

आज ही गोष्ट आठवण्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. अनेक घरांत एखादी शिकती मुलगी किंवा नुकतीच घरात आलेली सून दुग्धजन्य पदार्थांचा त्याग करते. ती स्वतःला ‘व्हीगन’ म्हणवते. त्याच घरातील आजीने चातुर्मासापुरता तुपाचा त्याग घेतलेला असतो. एकीचे कारण नवे, दुसरीचे जुने. पण सणाच्या दिवशी ताटात श्रीखंड, पेढा, मोहनथाळ आला की दोघींच्याही वाटीत काय वाढावे, हा प्रश्न घरच्या गृहिणीपुढे सारखाच उभा राहतो. आजीच्या त्यागाला घर नमस्कार करते आणि नातीच्या त्यागाला ‘परदेशी खूळ’ म्हणते. मग नात सणाच्या पंगतीला बसेनाशी होते. एका वाटीवरून घरात पडणारे हे अंतर लहान नव्हे.

वास्तविक रसपरित्याग हे आपल्या सहा बाह्य तपांपैकी एक होय. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेला पदार्थ या सहा विगयांपैकी एखादी रोज सोडण्याचा नियम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. दिगंबर परंपरेत सहा रसांच्या त्यागाची अशीच रीत आहे. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला. त्याची भाषा आणि त्याचा मार्ग निराळा आहे, हे मान्यच केले पाहिजे. आपला त्याग मुख्यतः रसनेवरील विजयासाठी असतो, तर त्यांचा मुख्यतः पशूच्या शोषणाला नकार म्हणून असतो. तथापि जीवदया ही दोहोंच्या मध्ये असलेली सामाईक भिंत आहे, आणि भिंत सामाईक असेल तर तिला दार करता येते.

दुधाचा हिशेब

व्यापारी घराला हिशेब सांगितला की गोष्ट लवकर पटते. एक किलो खवा करायला साधारण पाच लिटर दूध आटवावे लागते. सहा टक्के स्निग्धांश असलेल्या म्हशीच्या दुधातून एक किलो तूप काढायचे तर सोळा-सतरा लिटर दूध लागते. गाईच्या साडेतीन टक्क्यांच्या दुधातून काढायचे तर अठ्ठावीस लिटरांच्या आसपास. म्हणजे दुधाचा एक पेला पिण्यापेक्षा तुपातील मिठाईचे एक खोके कितीतरी अधिक दूध मागते. जनावर व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्यायल्यावर होणाऱ्या वासरांपैकी निम्मी नर असतात. शेतीतील बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतल्यापासून त्या नरांचे काय होते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या भुलेश्वर येथील पांजरपोळ १८३४ सालापासून चालते. गावोगावच्या पांजरपोळांचे विश्वस्तपद आपल्याच घरांतून सांभाळले जाते. दाराशी कोणती जनावरे आणून सोडली जातात, ते त्यांना रोज दिसते.

या लेखाचा हेतू दुधाचा निषेध करणे हा नव्हे. आपल्या परंपरेने दूध-तुपाला विगई म्हटले आहे, अभक्ष्य म्हटलेले नाही. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे आणि गुरुभगवंतांच्या मार्गदर्शनाने ठरवावे. मात्र ज्यांनी सोडले आहे त्यांच्या ताटात सणाचा गोड घास असावा, आणि तो घरातील सर्वांनी आवडीने खावा असा असावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे. त्यासाठी नकली खवा किंवा परदेशी बनावटीचे लोणी विकत आणण्याचे कारण नाही.

तुपाचे काम कोण करील?

मिठाईत तूप तीन कामे करते. भाजताना ते पिठाच्या कणाकणाला उष्णता पोहोचवते, वेलदोडा-जायफळाचा सुवास धरून ठेवते, आणि निवल्यावर थिजून लाडू-वडीला आकार देते. पहिली दोन कामे कोणतेही चांगले घाण्याचे तेल करू शकते. तिसऱ्या कामासाठी खोबरेल तेल उत्तम, कारण ते सुमारे चोवीस अंशांखाली थिजते. म्हणूनच खोबरेलातील लाडू हिवाळ्यात घट्ट राहतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो. उन्हाळ्यात आकार तेलाकडून न मागता पाकाकडून किंवा फळाच्या गराकडून मागावा. लापशी, शिरा यांना शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल चालते. पण ते तुपाच्या मापाने घालू नये. तुपाच्या तीन चतुर्थांश तेल पुरते, अन्यथा पदार्थ जड होतो.

दुधाचे काम निराळे. त्यातील प्रथिने आणि स्निग्धांश पदार्थाला भरीवपणा देतात. हा भरीवपणा ओल्या नारळाचे दूध, काजूची पेस्ट किंवा शिजलेल्या धान्यातील पिठूळपणा यांतून मिळतो. गुळाच्या खिरीत दूध फाटण्याची गृहिणीला जी धास्ती असते, ती नारळाच्या दुधात उरत नाही. मात्र ते खळखळून उकळले तर तेल वेगळे होते. म्हणून ते नेहमी शेवटी घालावे आणि एक मंद वाफ येताच आच बंद करावी. आपल्या घरांसाठी आणखी एक सोय होते : कच्च्या दूध-दह्याशी कडधान्याचा संयोग होऊन घडणाऱ्या द्विदळाच्या दोषाची काळजी अशा मिठाईत करावी लागत नाही.

‘व्हीगन’ म्हणजे ‘जैन’ नव्हे

येथे सावधानता हवी. बाजारातील पाकिटावर ‘व्हीगन’ असे लिहिलेले असले, तरी ते आपल्याला चालेलच असे नाही. गाजराचा केक, बिटाचा हलवा, रताळ्याची बर्फी हे सर्व दुग्धविरहित असू शकतात. पण कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात त्यांना स्थान नाही. साखर न घालता केलेल्या म्हणून मिरवणाऱ्या बहुतेक मिठायांत अंजीर असते, आणि अंजीर पंच उदुंबर फळांत मोडते. पौष्टिक लाडवांच्या घरगुती कृतींत मध सर्रास सांगितलेला असतो. व्हीगन मंडळी तो घेत नाहीत आणि आपल्याला तर तो पूर्वापार निषिद्ध आहे. नाचणीचे बाजारी सत्त्व बहुधा मोड आणून केलेले असते; मोड आलेले धान्य अनंतकाय मानणाऱ्या घरांनी साधी नाचणी निवडून, दळून घ्यावी. खसखस बहुबीज म्हणून टाळणारी घरेही पुष्कळ आहेत.

उलट बाजूनेही पाहावे. जी मिठाई आपण डोळे मिटून शाकाहारी समजतो, तिच्यातील लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून केलेला असू शकतो; त्याची खूण ई १२० अशी असते. चकाकी आणणारे शेलॅक हे लाखेच्या किड्याचे असते. चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत कुटला जाई. वर्ख तयार करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरू नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली केला. त्याच प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियमावली लागू केली असून, तिच्यानुसार हिरव्या रंगातील ‘व्ही’ अक्षर आणि त्यावरील पान ही खूण पाकिटावर येते. ही खूण दुग्धविरहिततेची ग्वाही देते, कंदमुळांची किंवा मधल्या काळमर्यादेची नाही. ती ग्वाही घरच्या श्राविकेची नजरच देऊ शकते. म्हणूनच ही मिठाई घरी करणे इष्ट.

ऋतूप्रमाणे तीन कृती

फळ कोणते घ्यावे, हे आपल्याकडे केवळ बाजार ठरवीत नाही, पंचांगही ठरवते. अनेक श्वेतांबर घरांत सूर्य आर्द्रा नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २२ जूनच्या सुमारास, की आंबा बंद होतो. फाल्गुन चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत खजूर, तीळ आणि सुका मेवा वर्ज्य असतो. संप्रदायपरत्वे या मर्यादांत फरक आहे. आपल्या घरची रीत प्रमाण मानावी. पुढील तीन कृती वर्षाच्या तीन भागांसाठी आहेत.

*उन्हाळा : आंब्याचे सांदण.* सांदण हे कोकणातील घराघरांतले पक्वान्न असून ते मुळातच दुधातुपाविना होते. तेथे ते फणसाच्या रसात करतात, तसेच आंब्याच्याही. एक वाटी तांदळाचा जाडसर रवा कोरडाच मंद आचेवर पाच-सात मिनिटे भाजावा. रंग बदलू देऊ नये. निवल्यावर त्यात एक वाटी गाळलेला आमरस, पाऊण वाटी नारळाचे दाट दूध, अर्धी वाटी किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा रस पिऊन फुगतो. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट झाले तर थोडे नारळाचे दूध घालावे. इडलीपात्राला तेलाचा हात लावून वीस मिनिटे वाफवावे. सुरी घालून पाहावी. ती कोरडी निघाली की सांदण झाले. वरून नारळाचे गोड दूध घेऊन खावे. आंबा आंबट असेल तर गूळ वाढवावा, सोडा मात्र घालू नये. त्याने आंब्याचा स्वाद मरतो.

*चातुर्मास : खपली गव्हाची हुग्गी.* सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातील आपल्या बांधवांना हुग्गीची ओळख करून देण्याची गरज नाही. सणासुदीला आणि लग्नकार्याला तेथे गव्हाची ही खीर असतेच. एक वाटी सडलेला खपली गहू निवडून, धुऊन सकाळी तीन-चार तास भिजवावा. रात्रभर भिजत घालण्याची रीत आपल्या मर्यादेत बसत नाही, आणि कुकरमुळे तिची आवश्यकताही राहिलेली नाही. चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवावा. गहू बोटांत सहज चिरडला पाहिजे. निम्मा गहू डावाने घोटून घ्यावा, म्हणजे खिरीला आपोआप दाटपणा येतो. एक वाटी गूळ थोड्या पाण्यात विरघळवून फडक्याने गाळावा, कारण गुळात मुंगी व कचरा असण्याचा संभव असतो. गहू पूर्ण शिजण्यापूर्वी गूळ घालू नये. घातल्यास दाणा कडकच राहतो. दहा मिनिटे शिजवून अर्धी वाटी ओले खोबरे, सुंठ, वेलदोडा आणि जायफळ घालावे. शेवटी एक वाटी नारळाचे दाट दूध घालून आच बंद करावी. ओल्या आल्याची जागा येथे सुंठ घेते. ज्या तिथीला घरात ओले खोबरेही चालत नाही, त्या दिवशी नारळ व त्याचे दूध वगळून नुसत्या घोटलेल्या गव्हाची हुग्गी करावी. ती थोडी पातळ होते, चवीला उणी पडत नाही. गुजराती व मारवाडी घरांतील मंगलप्रसंगाची लापशीही याच जातीची : गव्हाचा दलिया तेलात खमंग भाजून, आधणाच्या पाण्यात शिजवून, गूळ घालून मुरवली की तुपाचा अभाव जाणवत नाही; मात्र भाजणी तांबूस होईपर्यंत धीर धरावा लागतो.

*हिवाळा : नाचणी-खजुराचे लाडू.* कार्तिक पौर्णिमेनंतर खजूर आणि तीळ घरात येतात. तीनशे ग्रॅम खजूर घ्यावा आणि त्याचे प्रत्येक फळ उभे चिरून आतून पाहावे. अखंड खजूर कधीही वाटू नये. आत कीड असू शकते आणि जयणेचा खरा कस येथेच लागतो. दोनशे ग्रॅम नाचणीचे पीठ चाळून, पाव वाटी खोबरेल तेलात मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटे, कच्चा वास जाऊन खमंग दरवळ येईपर्यंत भाजावे. पन्नास ग्रॅम सुके खोबरे किसून आणि पन्नास ग्रॅम काजूची भरड करून दोन्ही वेगवेगळी भाजावीत. तीन चमचे तीळही भाजून घ्यावेत. वाटलेला खजूर कढईत दोन चमचे तेलावर मऊ होईपर्यंत परतावा, सर्व जिन्नस वेलदोड्याच्या पुडीसह मिसळावेत आणि मिश्रण कोमट असतानाच लाडू वळावेत. वळले जात नसतील तर पाणी शिंपडू नये. पाण्याने लाडू टिकत नाही. एक चमचा कोमट तेल पुरते.

दिवाळी या दोन ऋतूंच्या सांध्यावर येते. भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाचा निर्वाण लाडू बहुधा बुंदीचा असतो. बेसनाची बुंदी तेलात तळून एकतारी पाकात मुरवली की तो दुग्धविरहितच होतो. काजूकतलीचेही तसेच : काजू, साखर आणि पाणी एवढ्याच तिच्या मूळ वस्तू आहेत. ताटाला लावायचे तूप आणि वरचा वर्ख काढला की ती सर्वांची होते.

टिकाऊपणा आणि प्रकृती

पक्क्या पाकाच्या मिठाईचा काळ परंपरेने पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस सांगितला आहे. रंग, वास, चव बदलली तर तत्पूर्वीच ती अभक्ष्य होते. मात्र सांदण, हुग्गी यांसारखे पाण्यात वा नारळाच्या दुधात शिजलेले पदार्थ त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी संपवावेत. घरात माणसे किती, हे मोजून तेवढेच करावे. नारळाचे दूध सर्वांत लवकर आंबते. ते काढल्यापासून दोन-तीन तासांत वापरावे.

प्रकृतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. खजूर आणि गूळ हीसुद्धा साखरच आहे. आपल्या घरांतून मधुमेह पुष्कळ आहे. ‘साखर घातलेली नाही’ एवढ्यावर विसंबून चार लाडू खाणे हितावह नाही. नाचणीत दर शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ते दुधापेक्षा अधिक आहे. पण शाकाहारी माणसाला ब-१२ जीवनसत्त्व प्रामुख्याने दुधातूनच मिळते, आणि ते नाचणीत नाही. म्हणून ज्यांनी दूध पूर्णपणे सोडले आहे, विशेषतः वाढत्या वयाची मुले आणि गर्भवती भगिनी, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची पूर्तता करावी. त्यागाने शरीर खंगू नये. तसे झाले तर घरातील वडीलधाऱ्यांचा विरोधच खरा ठरतो.

संघासाठी एक सूचना

स्वामीवात्सल्याच्या पंगतीत आयंबिलवाल्यांची व्यवस्था वेगळी असते, चौविहार करणाऱ्यांसाठी वेळ राखलेली असते, तिथी पाळणाऱ्यांसाठी भाजी बदलली जाते. साधर्मिकाच्या नियमाला जपणे हीच तर त्या पंगतीची शोभा. त्याच रांगेत दूध-तूप त्यागणाऱ्यांनाही बसवता येईल. त्यासाठी वेगळी पंगत नको, वेगळे ताट नको. दोन मिठाया असतील तर एक अशी असावी, जी सर्वांना चालते : आज तेलातील बुंदी, उद्या लापशी, परवा हुग्गी. पदार्थांच्या पाटीवर ‘दूध-तूप नाही’ असे तीन शब्द खडूने लिहिले की विचारण्याचा संकोच राहत नाही. दिवाळीला ग्राहकांना आणि पेढीवरील मंडळींना मिठाईची खोकी देणाऱ्या कुटुंबांनी त्यांत घरच्या लाडवांची चार नगांची पुडी ठेवून पाहावी; त्या पुडीवर जिन्नसांची यादी आणि केल्याची तारीख लिहावी.

आणि घरात? आठवड्यातून एकदा आजीने नातीकडून सांदण शिकावे, नातीने आजीकडून लापशीची भाजणी. कोणते पीठ केव्हा उतरवायचे, हे पुस्तकात पाहून कळत नाही. ते कढईजवळ उभे राहूनच कळते. तेथे दोघी एकत्र उभ्या राहिल्या, तर कोणाचा त्याग जुना आणि कोणाचा नवा, हा वाद काढायला फारसा वेळ मिळणार नाही. तोवर भाजणी करपू नये, याकडेच दोघींचे लक्ष असेल.